मदरशाची तिसरी सही

महिपतच्या छापखान्यातले म संपले, आणि तेही ऐन लग्नसराईत.

महिपत हा रत्नागिरीतल्या एका जुन्या छापखान्याचा मालक, जुळारी आणि झाडूवाला, तिन्ही एकटाच. शिशाच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवायचे, जुळलेल्या पानांचा फर्मा बांधायचा, छापून झाला की खिळे सोडून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, असा त्याचा जुन्या पद्धतीचा धंदा. झालं असं की राहीच्या वडिलांचा कोश त्याने छापायला घेतला आणि मखमल, मसाला, मशाल, मनोरा, मोसम करता करता छापखान्यातले झाडून सगळे म त्या चार पानांत जाऊन बसले. फर्मा दगडावर पडून होता. तो छापल्याशिवाय म सुटत नव्हते, आणि म सुटल्याशिवाय गावात कुणाचं लग्न पुढे सरकत नव्हतं.

"राहीताई, मुहूर्ताला म लागतो, मंगल कार्यालयाला म लागतो, मित्रमंडळींना तर दोन लागतात," महिपत म्हणाला. "मामांची नावं आली की मी हातच जोडतो. सहा पत्रिका अडकल्यात. काल मालगुंडचा एक नवरदेवाचा बाप येऊन गेला. म्हणतो, व्याह्यांना काय सांगू, म नाही म्हणून थांबलंय?"

"शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतंत."

"आज शनिवारच आहे."

राहीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एप्रिल १९८६, आणि शनिवारच होता. तालुका कचेरीत अकरा वर्षं कारकुनी करणाऱ्या बाईला वार विसरणं शोभत नाही, पण डिसेंबरपासून तिचं असं होत होतं.

सगळं अडलं होतं ते एका चिठ्ठीपाशी.

राहीचे वडील रावजी मास्तर. तिचे आप्पा. शाळेतून निवृत्त झाल्यावर अठरा वर्षं त्यांनी एकच उद्योग केला: गलबतांतून कोकणात उतरलेले शब्द गोळा केले. जुन्या आमंत्रणपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत, त्यामुळे त्यांच्या संग्रहात घमेल्याच्या पाठीमागे कुणाचा तरी शुभविवाह असे आणि बिजागरीच्या पाठीमागे कुणाची तरी सत्यनारायणाची पूजा. त्यांचा नियम मात्र कडक होता. प्रत्येक शब्दाला तीन साक्षीदार. साक्षीदार घरचा नको, विद्वान नको, आणि ज्याच्या रोजच्या जिभेवर तो शब्द नाही असा तर नकोच नको. त्याच्याबरोबर बसून चहा घ्यायचा, चिठ्ठी वाचून दाखवायची, तो "होय, असंच" म्हणाला की त्याची सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. पुस्तकाची साक्ष ते धरत नसत. "पुस्तक खोटं बोलतं असं नाही," ते म्हणत, "पण त्याला उलट विचारता येत नाही. आणि ते चहाही पीत नाही." तीन सह्या नसलेला शब्द कच्च्या डब्यात जाई, कोशात नाही.

डिसेंबरात एका दुपारी आप्पा जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. उशाशी चष्मा होता आणि चष्म्याखाली शेवटची चिठ्ठी.

'मदरसा. अरबी. दर्स म्हणजे धडा. जिथे धडा देतात ती जागा. अरबी मुलखात कोणतीही शाळा. आपल्याकडे मात्र मुसलमान मुलं धर्माचं शिक्षण घेतात ती शाळा.'

खाली दोन साक्षी, आप्पांच्या सवयीप्रमाणे बोलल्या तशा उतरवलेल्या. पहिली मिरकरवाड्याच्या जैतूनबीची, अंगठ्यासह: 'मदरसा म्हंजे जिथं माझी सात नातवंडं सकाळची दोन तास असतात आणि तवर माझी मासळी विकून होते.' दुसरी गंगाराम कंडक्टरची: 'मदरसा म्हणजे विनंती थांबा. घंटी मारली नाही तर बायका पुढच्या थांब्यापर्यंत बोलतात.' तिसऱ्या जागी सही नव्हती. तिथे एवढंच होतं: 'दाऊद होडेकर. भांडण चालू.'

"मी करतो की सही," महिपत म्हणाला. "माझ्या घराच्या मागच्या अंगालाच मदरसा आहे. पोरांचा आवाज ऐकूनच मी घड्याळ लावतो."

"तुम्ही खिळे जुळवलेत. तुमची चालत नाही."

"मग 'भांडण चालू' असंच छापू."

"आप्पांनी छापलं नसतं."

"मग मदरसा काढू आणि त्या जागी मधमाशी टाकू."

"मधमाशी समुद्रावरून आलेली नाही, महिपतराव."

"उडत उडत आली असेल, तुम्हांला काय ठाऊक?" महिपतने बोटांवर मोजलं आणि कपाळाला हात लावला. "नको. तिच्यातही दोन आहेत."

राही हसली नाही, पण चार महिन्यांत पहिल्यांदा हसू घशापर्यंत आलं. पाच वाजेपर्यंतची मुदत घेऊन ती बाहेर पडली. सही नाही मिळाली तर मदरसा गळणार होता. कोश दुसऱ्यांदा निघण्यातला नव्हता. एवढ्यापुरते पैसेच कसेबसे जमले होते. म्हणजे आप्पांच्या हातचं शेवटचं अक्षर कच्च्या डब्यात पडणार, आणि तो डबा पुढे कोण उघडणार होतं?

दाऊद होडेकर राजिवड्याला खाडीच्या काठी राहत. चाळीस वर्षं बोटीवर काढलेला तांडेल, खलाशांचा म्होरक्या. अठरा वर्षं दर शनिवारी चार वाजता ते आणि आप्पा भांडायला बसत. भांडायलाच, दुसरा शब्द नाही. एकदा 'साबण' अरबांनी आणला की फिरंग्यांनी, यावरून दोघांनी सात शनिवार एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायला होता. पण प्यायला एकाच पडवीत.

मदरशावरचं भांडण सुरू झालं नोव्हेंबरात. आप्पांनी आधी नुसतं 'मुसलमानी शाळा' असं लिहिलं होतं. दाऊदचाचांनी ते ऐकून मान हलवली आणि बसऱ्याची हकिगत सांगितली. अठ्ठावन्न साली त्यांची बोट दुरुस्तीला इराकातल्या बसऱ्यात पडून होती. आई गेली त्याचा वर्षाचा दिवस आला, म्हणून कुणाकडून तरी दुआ पढवून घ्यावी असं त्यांच्या मनात आलं. वाटेत एकाला विचारलं, मदरसा कुठं? त्याने प्रेमाने हाताला धरून नेलं. पाहतात तर अर्ध्या चड्डीतली पोरं कवायत करताहेत! मास्तरांनी पाहुणा आला म्हणून त्यांना भूगोलाच्या वर्गात नकाशापुढे उभं केलं आणि गाव दाखवायला सांगितलं. नकाशात रत्नागिरी नव्हतं. दाऊदचाचांनी अंदाजाने बोट ठेवलं ते समुद्रात पडलं, आणि सगळा वर्ग हसला. शेवटी शाळेच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या शिपायाने त्यांना बसवलं, बिनदुधाचा चहा दिला, आईसाठी दुआ पढली आणि समजावलं की बाबा, इथं सगळ्याच शाळांना मदरसा म्हणतात.

इथवर आप्पांना पटलं. चिठ्ठी त्यांनी सुधारली. पण म्हातारा शिपाई आणखी एक बोलला होता. त्या शब्दाच्या मुळाशी मळणी आहे म्हणे. गहू तुडवून तुडवून दाणा सुटा करायचा, तसा धडा तुडवून तुडवून ध्यानात बसवायचा. हे काही आप्पांना पटेना. "त्या शिपायाचं नाव काय? पत्ता काय?" त्यांनी विचारलं. "आणि आपल्या कोकणात तर भात झोडतात. मग मदरसा म्हणजे झोडायची जागा म्हणू?"

"त्यात काय खोटा हाय?" दाऊदचाचा म्हणाले होते. "तुमचे पंतोजी काय आरती ओवाळायचे?"

ते भांडण तिथेच राहिलं. आप्पा गेले त्या दिवशी दाऊदचाचा स्मशानाच्या फाटकापाशी उभे होते, टोपी काढून की घालून हे राहीला आठवत नव्हतं. त्यानंतर ती तीनदा सही मागायला गेली. पहिल्यांदा त्यांचा चष्मा सापडेना. तो डोळ्यांवरच होता. दुसऱ्यांदा अंगठा मुरगळला होता, डावा. तिसऱ्यांदा ते घरातच नाहीत असं त्यांनी स्वतः आतून ओरडून सांगितलं.

पण आज राहीच्या पर्समध्ये एक पोस्टकार्ड होतं. मुंबईच्या एका कॉलेजात अरबी शिकवणाऱ्या बाईंना तिने पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर गुरुवारी आलं होतं.

दाऊदचाचा पडवीत बसून लोणच्याच्या बरणीभोवती सुंभाची जाळी विणत होते.

"आलीस? बस, बाय. आज डोला दुकतोय."

"मी अजून काही विचारलं नाही, चाचा."

"इचारशील ना. म्हनून आदीच सांगून टाकला."

"काय नाय झालेला डोल्याला!" आतून हलीमाचाचीचा आवाज आला. "सकाली पार भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी होडी दिसली तर कुनाची ती सांगत होते!"

"लांबचा दिसतो, जवलचा दुकतो," चाचा म्हणाले.

राहीने पोस्टकार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की त्या धातूचे दोन अर्थ जुन्या अरबी कोशांत शेजारी शेजारी सापडतात: पुन्हा पुन्हा वाचून पाठ करणे, आणि धान्य तुडवून मळणे. एकातून दुसरा आला असं काहीजण मानतात. खात्रीने सांगता येत नाही, पण तुमच्या तांडेलकाकांनी ऐकलं ते खोटं नाही.

सुंभ थांबलं.

"मंजे मी बरोबर."

"बरेचसे."

"आनि मास्तर चूक."

"चूक नाही. अपुरे." तिने चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. "तुम्ही जिंकलात, चाचा. करा सही."

तिला वाटलं होतं ते हसतील, मांडीवर थाप मारतील, चाचीला हाक मारून सांगतील. त्यांनी पोस्टकार्ड हातात घेतलं, उलटं केलं, तिकिटावरचा शिक्का पाहिला आणि परत दिलं.

"नाय करत."

"का?"

"जिंकलो तर सांगू कुनाला?" ते बरणीकडे बघत म्हणाले. "समोरचा मानूस उठून गेला तर त्याला जिंकला म्हनत नाय. मास्तरानं काय लिवलाय? भांडण चालू. मग राहू दे ना चालू. सही केली की झाला, मिटला."

खाडीवरून वारा आला. आतमध्ये चाचीने कप मांडायचं थांबवलं असावं, कारण आवाज बंद झाला. अशा वेळी काय करायचं हे राहीला आता नीट जमत होतं: मान हलवायची, "खरं आहे" म्हणायचं, चप्पल घालायची. चार महिने लोक घरी येत होते, आप्पा किती थोर होते ते सांगत होते, आणि ती "खरं आहे" म्हणत चहा देत होती. सगळ्या गावाने मिळून आप्पांना इतकं गुळगुळीत करून टाकलं होतं की त्यांच्याशी वाद घालायला कुठे पकडच राहिली नव्हती.

"तुम्ही दोघंही चूक आहात!" ती म्हणाली.

हे इतक्या मोठ्याने आलं की पायरीवरची कोंबडी उडाली. चाचांनी मान वर केली.

"काय म्हनलीस?"

"दोघंही! ते अडून बसले शिपायाच्या पत्त्यावर, आणि तुम्ही अडून बसलात शिपायाच्या बोलण्यावर. हे पत्र तरी काय? छापील कोशांतून काढलेलं. आप्पांच्या नियमाने याची साक्ष धरता येत नाही, हे चहा पीत नाही. म्हणजे तुमच्या मळणीला साक्षीदार एक, आणि तोही ऐकीव. आप्पांनी नाही लिहिलं तेच बरोबर!"

"अगो, ऐकीव?" चाचांनी बरणी बाजूला ठेवली. "मी ऐकीव सांगतोय?"

"मग काय? बसऱ्याला गव्हाची मळणी पाहिलीत? तुम्ही तर बोटीत होतात."

"मलनी बगायला बसरा कशाला? माझा आजा बैल फिरवायचा!"

"भातावर! आणि भात आधी झोडतात. बैल फिरतात ते उरल्या पेंढ्यावर. शिवाय बैलाने दाणे खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. मदरशातल्या पोरांना कुठे मुसकं असतं? ती तर ओरडत असतात. तुमची उपमाच लंगडी आहे, चाचा. आप्पांना नुसती खिडकीतून दिसली असती तरी त्यांनी तिला आत घेतलं नसतं."

"लंगडी?" दाऊदचाचा उभेच राहिले. गुडघे दुखतात हे ते विसरले. "तू गेलीस कवा मदरशात? मास्तर गेला कवा? मी गेलो! सात वर्साचा होतो. आमी नऊ पोरां मौलवीसाबांच्या भवती गोल बसायचो. मदी ते, भवती आमी. एक सबक दिली की तीच. पुढं डोलायचा, मागं डोलायचा, तीच. दहांदा म्हनली तरी नुसता आवाज, नुसता भुस्सा. वीसदा, तीसदा. झोप यायची. बाजूचा चिमटा काढायचा. आनि मग कवातरी, सत्तराव्या खेपेला म्हन, एकदम..." त्यांनी दोन बोटं जिभेवर नेली, काहीतरी टिपावं तशी. "दाना यायचा तोंडात. सुटा. अख्खा. मना कुनी सांगितला नाय बसऱ्यात. मना माझ्या तोंडात लागलेला हाय तो दाना! साठ वर्सा झाली, आजून पुस्तकाशिवाय म्हनतो मी. त्या शिपायानं फक्त त्याला नाव दिला."

दम लागून ते खाली बसले.

"हे तुम्ही आप्पांना सांगितलं होतंत?" राहीने विचारलं.

"नाय."

"का?"

"त्यानं इचारला नाय. तो पत्ता इचारत बसला. आनि मना राग आला, म्हनून मी पन बसऱ्यालाच धरून बसलो."

"गाढव दोघं," चाची चहाचे कप घेऊन बाहेर आली. "अठरा वर्सा बगतेय. घे बाय, साखर जास्त हाय."

राहीने चहा घेतला. मग चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. आप्पांच्या अक्षराखाली तिने कधीच काही लिहिलं नव्हतं. लहानपणी एकदा त्यांच्या चिठ्ठीवर मासा काढला होता तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. पण ही साक्ष ऐकीव नव्हती. रोजच्या जिभेवरची होती, विद्वानाची नव्हती, घरची तर नव्हतीच, आणि चहाही झाला होता. नियमात बोट घालायला जागा नव्हती. तिने लिहिलं, सावकाश, एकेक शब्द मोठ्याने म्हणत:

'मुळाशी मळणी असावी. नऊ मुलं, मध्ये मौलवीसाहेब. सत्तराव्या खेपेला तोंडात दाणा येतो.'

"होय, असाच," दाऊदचाचा म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. त्यांनी राहीकडे पाहिलं, मग पेन घेतलं.

"वरचा ता खोडू नको."

"भांडण चालू? ते छापता येणार नाही, चाचा."

"छापू नको. पन खोडू नको."

त्यांनी उजवीकडून डावीकडे सही केली, तांडेलाने दोर टाकावा तशी लांब. उरलेली सगळी जागा त्यांनीच व्यापली. तारखेला जागा उरली नाही. सही करून झाल्यावर ते बराच वेळ चिठ्ठी धरून बसले.

"आता खरा गेला मास्तर," ते म्हणाले.

"कुठला जातोय!" चाची कप गोळा करत होती. "चार महिने तुमच्या डोक्यात बसून भांडतोय. जेवताना हात नाचवता, निजताना हात नाचवता. आता ही आली त्याची लेक, त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडनारी. माझी कोंबडी अजून परत आली नाय."

राहीला हसू आलं, आणि या वेळी ते घशात थांबलं नाही. हसता हसता डोळे भरले तेव्हा चाचा बरणीची जाळी तपासत होते आणि चाची कोंबडीला हाका मारत होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही, याबद्दल तिला फार बरं वाटलं.

साडेचार वाजले होते. चिठ्ठी आणि पोस्टकार्ड पर्समध्ये ठेवून ती निघाली. गल्ली चढून रिक्षाच्या थांब्याशी आली. एक रिक्षा उभीही होती. छापखान्यात महिपत फर्म्यापाशी ताटकळत असणार, आणि त्याच्या जोडीला कदाचित मालगुंडचा नवरदेवाचा बापही.

"कुठं, ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

राहीचा एक पाय रिक्षात होता. तो तिथेच थांबला.

मुसकं बांधलेल्या बैलाच्या तोंडात दाणा येईल कसा? चाचांच्या मळणीत मौलवीसाहेब मधला खुंट होते आणि भोवतीची पोरं बैल होती. मग दाणा धन्याच्या कणगीत जायचा आणि बैलाला मिळायचा पेंढा. तोंडात दाणा आला म्हणजे एकतर मुसकं नव्हतं, नाहीतर बैल नव्हता. आणि बैल नव्हता तर मळणी कुठून आली? इतकं सरळ होतं. आप्पांनी हा प्रश्न तिथल्या तिथे टाकला असता. चाचा उत्तर काय देतील? काहीतरी देतीलच. ते काय असेल याचा तिला काही केल्या अंदाज येईना.

"ताई, कुठं?"

"थांबा पाच मिनिटं," ती म्हणाली. पाच मिनिटांत काही होणार नाही हे तिला माहीत होतं. ती आली तशी गल्ली उतरली, फाटक ढकललं आणि पडवीच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच तिने हाक मारली:

"चाचा! त्या मुसक्याचं काय ते आधी सांगा!"

आतून दाऊदचाचांचा आवाज आला, "ये. मना ठाव होता तू परत येनार," आणि त्यामागोमाग चाचीचा, "या अल्ला," आणि पाठोपाठ स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज.